सुखाची कबर : शौर्याच्या इतिहासात न मावलेला आपला माणूस

लंडनला शिकायला गेलेला आपला विद्यार्थी एकदा तरी १०, किंग हेन्रीज रोडवर जातो. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला बाबासाहेब जिथे राहिले त्या घरासमोर उभा राहून फोटो काढतो, तो गावाकडच्या ग्रुपवर टाकतो, खाली शंभर जणांचे ‘जयभीम’ येतात. हे व्हायलाच हवे. पण त्याच इंग्लंडमध्ये, लंडनपासून रेल्वेने सुमारे दीड तासावर, एका जंगलाच्या कडेला आपल्या माणसाची एक कबर आहे. तिथे जाणारे आपल्यातले किती? त्या माणसाचे नाव तरी आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे?

त्याचे नाव सुखा. काही ठिकाणी सुखा कल्लू असेही नाव दिलेले आढळते. राहणार बरेली शहर, मोहल्ला गंगापूर, संयुक्त प्रांत. मृत्यू १२ जानेवारी १९१५. वय ३०. काम : झाडूवाला. जात : अस्पृश्य.

हा लेख त्या कबरीबद्दल आहे, तिच्याकडे जाणाऱ्या पायवाटेबद्दल आहे आणि आपण कोणाचा इतिहास सांगतो आणि कोणाचा विसरतो, याबद्दलही आहे.

जंगल, बस आणि युद्ध

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशायरमध्ये न्यू फॉरेस्ट नावाचे मोठे जंगल आहे. नाव ‘नवे’, पण जंगल साडेनऊशे वर्षांपूर्वीचे. इसवी सन १०७९च्या सुमारास विजेता विल्यम या राजाने स्वतःच्या शिकारीसाठी हा मुलूख राखीव केला. तिथल्या गरीब शेतकऱ्यांवर जंगलाचे कडक कायदे लादले. पुढे जनावरे चारण्याचे हक्क त्या लोकांनी टिकवून धरले. म्हणून आजही तिथे ओक आणि बीचच्या झाडांमधून घोडी मोकळी फिरताना दिसतात. २००५मध्ये हे जंगल राष्ट्रीय उद्यान झाले.

तिथे जायला स्वतःची गाडी लागत नाही. साउथॅम्प्टनहून लिमिंग्टनकडे जाणारी ६ क्रमांकाची बस लिंडहर्स्ट आणि ब्रॉकनहर्स्ट या जंगलातल्या गावांतून जाते. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून सुटणारी रेल्वेही ब्रॉकनहर्स्टला थांबते. उतरले की पायवाटा सुरू. एक वाट ओबर वॉटर या ओढ्याच्या बाजूने ऱ्हाइनफील्डच्या उंच झाडांकडे जाते. दुसरी वाट गावाच्या आग्नेयेला चर्च लेनने टेकडीवरच्या सेंट निकोलस चर्चकडे जाते आणि तिथून पुढे रॉयडन वुड्स या राखीव जंगलात शिरते. वसंतात या जंगलाची जमीन निळ्या फुलांनी झाकून जाते. शनिवार-रविवार सहलीला येणारी माणसे ती फुले बघायला जातात. आपण मात्र त्या चर्चच्या आवारात थांबायचे आहे.

या जंगलात युद्धाच्या खुणा जागोजागी आहेत. पहिल्या महायुद्धात खंदकांना लाकूड हवे होते आणि इंग्लंडचे तरुण आघाडीवर गेले होते. मग झाडे तोडायला बाहेरून माणसे आणली गेली. लिंडहर्स्टला बसमधून उतरून एमरी डाउनमार्गे तासाभर चालले की जंगलात एकटीच उभी असलेली एक चूल दिसते. तिला ‘पोर्तुगीज फायरप्लेस’ म्हणतात. लाकूडतोडीसाठी आलेल्या पोर्तुगीज तुकडीच्या भटारखान्याची ती चूल. भटारखाना गेला, छावणी गेली, पण चूल जपून ठेवली. काम करणाऱ्या हातांचे असेही स्मारक होऊ शकते, हे लक्षात ठेवा. पुढे आपल्याला ते लागणार आहे.

पत्र्याचे इस्पितळ

१९१४च्या शरद ऋतूत भारतीय फौज फ्रान्सच्या बंदरावर उतरली आणि ऑक्टोबरमध्येच ईप्रच्या लढाईत ढकलली गेली. उन्हाळी कपड्यांतली ही माणसे युरोपच्या थंडीत, चिखलाच्या खंदकात उभी राहिली. जखमींची जहाजे साउथॅम्प्टनला येऊ लागली. त्या जखमींसाठी दक्षिण इंग्लंडमध्ये इस्पितळे उघडली. ब्रायटनचा राजवाडा हे त्यातले सर्वांत गाजलेले. ब्रॉकनहर्स्टमध्ये गावातली हॉटेले ताब्यात घेतली आणि गावाबाहेर झोपड्या व तंबू उभारून लेडी हार्डिंज इस्पितळ सुरू झाले. गावकरी त्याला ‘टिन टाउन’, म्हणजे पत्र्याचे गाव म्हणत. आजही ब्रॉकनहर्स्टमध्ये ‘मेरठ रोड’ नावाचा रस्ता आहे. तो त्या दिवसांची आठवण.

आता नीट बघा. या इस्पितळांत जखमी सैनिक आले, डॉक्टर आले आणि त्यांच्याबरोबर जातही आली. ब्रायटनच्या राजवाड्यात वेगवेगळ्या धर्मांच्या आणि जातींच्या लोकांसाठी नऊ स्वयंपाकघरे होती. हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे होते. इंग्रज सरकार याची जाहिरात करत होते : बघा, आम्ही तुमचा धर्म किती सांभाळतो! समुद्र ओलांडला की जात बुडते, असे सनातनी सांगत. प्रत्यक्षात जहाजातून उतरणाऱ्या सामानात सर्वांत सुरक्षित काय पोहोचले असेल, तर ती जात.

आणि जातीची ही व्यवस्था चालायची असेल तर घाण उचलायला कोणीतरी लागतेच. जखमांच्या पट्ट्या, मलमूत्राची भांडी, रक्ताने भरलेली फरशी. हे काम सैनिक करणार नाही, स्वयंपाकी करणार नाही, पाणक्या करणार नाही. त्यासाठी बरेलीहून सुखा आणला होता.

चिता नाही, कबर नाही

१९१५च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, सुखा इस्पितळात मेला. आता प्रश्न आला की त्याचे करायचे काय?

ही हकीकत भारतीय जखमींच्या इस्पितळांवर देखरेख करणारे सर वॉल्टर लॉरेन्स यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे आणि ब्रॉकनहर्स्टमध्ये ती आजही सांगितली जाते. हिंदूंनी त्याचे दहन करायला नकार दिला, कारण तो अस्पृश्य. वोकिंगला मशीद होती, तिथे भारतीय मुस्लिम सैनिकांच्या दफनाची सोय होत होती. तिथूनही नकार आला, कारण तो मुसलमान नव्हता. शेवटी गावच्या पाद्र्याने आपल्या चर्चच्या आवारात जागा दिली. गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्याच्या कबरीवर दगड बसवला.

हे दोन नकार सारखे नाहीत, हे आपण स्पष्ट म्हटले पाहिजे. मशिदीने म्हटले, ‘हा आमच्या धर्माचा नाही.’ हे कठोर आहे, पण निदान त्यात खोटेपणा नाही. हिंदूंनी मात्र ज्याला जनगणनेच्या कागदावर आपला म्हणून मोजला, त्यालाच चितेपाशी आल्यावर बाहेरचा ठरवला. संख्या हवी तेव्हा हिंदू, लाकडे द्यायची वेळ आली की अस्पृश्य!

हे मी रागाने म्हणत नाही. सुखा मेला त्याच्या चारच वर्षे आधी, १९११च्या जनगणनेत, कोणत्या जातींना पूर्ण हिंदू म्हणता येणार नाही हे तपासण्यासाठी दहा कसोट्या लावल्या होत्या. ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व न मानणे, वेदांचे प्रामाण्य न मानणे, मंदिराच्या गाभाऱ्यात प्रवेश नसणे, स्पर्शाने विटाळ होणे अशा त्या कसोट्या. त्यातली एक कसोटी होती : प्रेताचे दफन करणे. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेताना याच कसोट्यांची चर्चा केली. म्हणजे माणूस कसा मरतो आणि त्याला कोण खांदा देतो, यावरून त्याची जात मोजली जात होती. सुखाच्या मृत्यूने ती कसोटी इंग्लंडच्या मातीवर प्रत्यक्ष लावून दाखवली.

आणि हे सगळे घडत असताना बाबासाहेब कुठे होते? न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात. वय २३. सुखाच्या मृत्यूनंतर सोळा महिन्यांच्या आत, ९ मे १९१६ रोजी, त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातींवरचा आपला पहिला मोठा निबंध वाचला. त्यांना सुखाची कहाणी माहीत होती, असा माझा दावा नाही. पण ज्या गोष्टीचे ते शास्त्र मांडत होते, तीच गोष्ट एका जंगलाच्या कडेला एका प्रेतावर घडून गेली होती. पुढे तेही लंडनला आले आणि १९१७मध्ये युद्ध चालू असतानाच त्यांना भारतात परतावे लागले. त्यांचे सामान घेऊन येणारे जहाज टॉर्पेडोने बुडाले आणि त्यांची पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. हे युद्ध आपल्या इतिहासाच्या बाहेरचे नाही, मित्रांनो.

इंग्रज उदार होते का?

इथे दोन प्रकारचे वाचक मला अडवतील.

पहिला म्हणेल, ‘बघा, इंग्रजच आपले तारणहार! जे हिंदूंनी नाकारले ते पाद्र्याने दिले.’ ब्रॉकनहर्स्टच्या गावकऱ्यांनी माणुसकी दाखवली, हे शंभर टक्के मान्य. अनोळखी, परदेशी, परधर्मी सफाई कामगाराच्या नावाने त्यांनी दगड उभा केला. त्यावर त्याच्या मोहल्ल्याचे नाव कोरले. धर्माने तो ख्रिस्ती नव्हता, पण इतरांच्या हितासाठी त्याचे आयुष्य वेचले गेले, असा आशय लिहिला. त्या गावाचे ऋण आपण मानले पाहिजे.

पण गाव वेगळे आणि साम्राज्य वेगळे. त्याच दगडावर सुखाच्या कामाला ‘हलक्या दर्जाचे’ अशा अर्थाचा शब्द आहे. हा दर्जा ठरवला कोणी? लष्कराच्या कागदांवर लढणारे आणि न लढणारे असे दोन भाग होते. न लढणाऱ्यांतही खेचरे हाकणारे वरचे आणि झाडूवाले, भिस्ती, आचारी खालचे. पगार खालचा, मानही खालचा. भारतीय समाजाची उतरंड इंग्रजांनी मोडली नाही, तिला सरकारी शिक्का मारून पगारपत्रकात बसवली.

आपल्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. १ जानेवारी १८१८ला कोरेगावात लढलेल्या महार सैनिकांची नावे इंग्रजांनी स्तंभावर कोरली. आणि १८९२च्या सुमारास ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धांताखाली त्याच महारांची भरती बंद केली. सुभेदार रामजी सकपाळ यांच्यासारख्या लष्करी माणसांच्या पुढच्या पिढीला दार बंद. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१०मध्ये पुन्हा मागणी केली. उपयोग शून्य. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. गरज संपली, १९२१मध्ये मोडली. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर १९४१मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा कुठे कोरेगावचा स्तंभ टोपीवरच्या चिन्हात आला. हवे तेव्हा बोलवायचे, नको तेव्हा हाकलायचे, याला उदारपणा म्हणत नाहीत.

‘साम्राज्याच्या नोकराचे कसले कौतुक?’

दुसरा वाचक उलट बाजूने येईल. तो म्हणेल, ‘सुखा ब्रिटिशांच्या पगारावर होता. साम्राज्याच्या युद्धात मेला. त्याचे कसले स्मरण करता?’ हा प्रश्न आपल्याला नवा नाही. दर १ जानेवारीला हाच प्रश्न कोरेगावबद्दल विचारला जातो. गंमत अशी की पंजाबच्या, गढवालच्या सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांच्याबद्दल कोणी असे विचारत नाही. ब्रायटनजवळच्या टेकडीवर, जिथे ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन झाले, तिथे संगमरवरी छत्री उभी आहे. १९२१मध्ये तिचे अनावरण झाले आणि दरवर्षी तिथे मानवंदना होते. ती व्हावीच. ते सैनिकही गरीब शेतकऱ्यांचेच मुलगे होते. मग प्रश्न फक्त आपल्याच माणसांना का विचारला जातो?

आणि सुखाच्या बाबतीत तर हा प्रश्न विचारायला तोंडच नाही. त्याला कोणी बंदूक दिली नव्हती. त्याने कोणाला मारले नाही. तो जन्माने मिळालेले काम हजारो मैलांवर जाऊन करत होता. ज्यांची घाण त्याने उचलली, त्यांच्याच बांधवांनी त्याला चितेची लाकडे नाकारली. साम्राज्याशी निष्ठा की देशाशी निष्ठा, ही चर्चा ज्यांना देश होता त्यांनी करावी.

आपली स्वतःची चूक

आता आपल्याच घरात थोडे बघू.

आपण शौर्याचा इतिहास खूप सांगतो. कोरेगाव, सिदनाक, महार रेजिमेंट. ज्यांना शतकानुशतके भित्रे, हलके म्हणून हिणवले त्यांनी आपल्या पराक्रमाचे स्तंभ शोधणे हा स्वाभिमानाचा भाग आहे. मीही दरवर्षी स्तंभाला मानवंदना देतो. पण या उत्साहात आपण नकळत त्यांचीच मोजपट्टी वापरू लागलो आहोत. बंदूक धरली तो मोठा, झाडू धरला त्याचे नाव नको. ‘आम्हीही लढाऊ जमात आहोत’ असे म्हणताना ‘लढाऊ जमात’ ही इंग्रजांची कल्पनाच खोटी होती, हे सांगायचे राहून जाते.

आकडे पाहा. पहिल्या महायुद्धात भारतातून सुमारे ८ लाख ७७ हजार लढाऊ माणसे भरती झाली आणि सुमारे ५ लाख ६३ हजार न लढणारी. म्हणजे दर पाच माणसांत जवळजवळ दोन हमाल, भिस्ती, आचारी, धोबी, झाडूवाले, खेचरे हाकणारे. या साडेपाच लाखांत आपले किती असतील, याचा अंदाज बांधायला पदवी लागत नाही. या माणसांशिवाय एक दिवसही फौज चालली नसती. तरी इतिहासाच्या पुस्तकात पलटणींची नावे येतात, झाडूवाल्याचे येत नाही.

न्यू फॉरेस्टच्या जंगलात पोर्तुगीज कामगारांची चूल जपली आहे, हे आधी सांगितले. एक साधी चूल! आपण आपल्या श्रमाची अशी कोणती वस्तू जपली आहे? रेल्वेमार्ग, गिरण्या, गोदी, गटारे, इस्पितळे आपल्या पूर्वजांच्या हातांनी चालली. त्यांच्या कामाच्या जागा आपल्याला ठाऊक आहेत का? आपल्या आज्याचा आजा कोणत्या छावणीत, कोणत्या नगरपालिकेत, कोणत्या ठेकेदाराकडे राबत होता, हे आपण घरातल्या म्हाताऱ्यांना विचारले आहे का? ती माणसे गेली की ती नावेही गेली.

ही गोष्ट १९१५ला संपलेली नाही

सुखाचे काम आजही चालू आहे आणि त्याचे मरणही. मैला साफ करायला माणूस लावण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३चा, दुसरा २०१३चा. तरी माणसे गटारात उतरतात आणि विषारी वायूने गुदमरून मरतात. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले. २०२३मध्ये ही रक्कम ३० लाख केली. मरणारा कोणत्या समाजाचा असतो हे बातमीत लिहिलेले नसते, पण आडनाव वाचून आपल्याला कळते. त्याच्या नावाचा चौक होत नाही. त्याच्या शवपेटीवर तिरंगा नसतो.

आणि चितेचे काय? गावच्या स्मशानात दलिताचे प्रेत अडवल्याची, पाऊस पडत असताना रस्त्याच्या कडेला दहन करावे लागल्याची बातमी आजही येते. इंग्लंडमधल्या त्या नकाराला शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. स्मशानाच्या फाटकावरचा प्रश्न मात्र तोच आहे : हा कोणाचा?

म्हणून त्या वाटेने जा

मित्रांनो, आपली मुले आता राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर परदेशात शिकायला जातात. जे इंग्लंडमध्ये आहेत त्यांना माझी विनंती आहे. किंग हेन्रीज रोडवर जाल तेव्हा जाच. पण एका रविवारी ब्रॉकनहर्स्टचे तिकीट काढा किंवा साउथॅम्प्टनहून बस पकडा. चर्च लेनने टेकडी चढा. आवारात हजार वर्षांहून जुने मानले जाणारे यूचे झाड आहे. युद्धाच्या कबरींमध्ये ९०हून अधिक न्यूझीलंडच्या सैनिकांच्या आहेत, कारण १९१६मध्ये भारतीय रुग्ण गेल्यावर तिथे त्यांचे इस्पितळ आले. न्यूझीलंडच्या लोकांची आठवण तिथे दर एप्रिलला काढली जाते. त्याच आवारात सुखा आहे. त्याच्याकडे कोण येते?

तुम्ही जा. फुले ठेवा. दगडावरचे त्याच्या मोहल्ल्याचे नाव मोठ्याने वाचा. फोटो काढा आणि ग्रुपवर टाकताना खाली लिहा : हा लढला नाही, याने साफसफाई केली आणि हाही आपला इतिहास आहे.

आणि जे इथे आहेत त्यांनी आपल्या वस्तीतल्या निवृत्त सफाई कामगाराकडे एक संध्याकाळ बसावे. वही घेऊन जावे. नाव, गाव, कोणत्या साली कामाला लागला, काय पगार होता, सोबतचे कोण कोण मेले, सगळे लिहून घ्यावे. बरेलीच्या सुखाला निदान एका परक्या गावाने दगड दिला. आपल्या शहरांच्या गटारांत गेलेल्यांना तो कोणी परका येऊन देणार नाही. तो आपल्यालाच उभा करायचा आहे.

जयभीम!